रिपोर्ट नॉर्मल

सुगंधदशमीच्या दिवशी आमची धाकटी देवळात पडली.

पर्युषणातला सहावा दिवस. निपाणीच्या आमच्या घरात हे व्रत सासूबाईंच्याही सासूबाईंपासून चालत आलेलं. देवळात धूपघट पेटलेले, येईल तो चिमूट-चिमूट धूप टाकतोय, खांबांमधून पांढरा धूर फिरतोय, आणि आम्ही बायका कथा ऐकत बसलेल्या. राणीनं मुनींना कडू भोपळ्याचा आहार दिला आणि पुढं तिच्या वाट्याला दुर्गंधी देह आला, ती कथा. धाकटी माझ्या शेजारीच होती. कथेतला आहार अजून व्हायचा होता तेवढ्यात तिनं माझा दंड धरला. "अक्का, मी भाईर जातो जरा." मी डोळ्यांनीच बस म्हटलं. कथा अर्ध्यात टाकून उठायचं नसतं, हे काय मी तिला शिकवायचं? ती बसली. थोड्या वेळानं उठली ती उंबऱ्याशी जाऊन कोसळली.

तिला उचलून मानस्तंभाजवळ मोकळ्या हवेत आणलं, तोंडावर पाणी मारलं. पाच-दहा मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. जमलेल्यांतल्या एकीनं विचारलं, "उपास सोसला न्हाई व्हय गं तिला?" मी म्हणाले, "उपास कुठला? एकाशन हाय तिचं. सोंग नुसतं."

चारचौघींत मी तो शब्द वापरला, आणि तिनं तो ऐकला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. नाव आहे तिला, चांगलं आहे, पण या घरात आल्यापासून ती धाकटीच. हे सगळं सुरू झालं ते वरच्या खोलीपासून. नणंदेच्या मुलीचं लग्न आमच्याकडून करायचं ठरलं म्हणून वरची खोली नव्यानं केली. प्लायवूडची कपाटं, प्लायवूडचाच पलंग, त्यावर पॉलिश, भिंतींना ऑइलपेंट. पावसाळा तोंडावर, खिडक्या बंद. धाकटी आणि भाऊजी त्या खोलीत झोपायचे. भाऊजींना काही झालं नाही. हिचं मात्र महिन्याभरात डोकं ठणकायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले. रंगाचा वास गेला, पलंग जुना झाला, तरी हिचं काही जाईना. उलट वाढत गेलं. आधी थिनर, मग फिनेल, मग डांबर गोळ्या, धुण्याची पावडर, उदबत्ती, पाहुण्यांच्या अंगावरचं सेंट. वास आला की छाती भरायची, जीभ जड व्हायची, बोलताना शब्द सापडायचे नाहीत, आणि नंतर दोन दिवस ती अंथरुणात.

प्लायवूड चिकटवायला जो सरस वापरतात त्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू महिनोन् महिने झिरपत राहतो आणि तो डोळ्यांना, घशाला झोंबतो, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की एका खोलीत दोघं झोपतात आणि एकीलाच होतं.

त्यातून आमचं गाव निपाणी. तंबाखूचं गाव. हंगामात वखारीवरून जाताना परक्या माणसाला खकाण्यानं शिंकांवर शिंका येतात, आम्हाला कळतसुद्धा नाही. त्या खकाण्यात बसून बायका तंबाखू चाळतात. घरोघरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, खोकतात आणि वळत राहतात. अशा गावात उदबत्तीनं घेरी येते म्हणणाऱ्या बाईला कोण विचारतो? आमच्याकडं भांड्याला येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "वैनी, असला आजार आमास्नी परवडत न्हाई." मला ते फार पटलं होतं. मी ते चार ठिकाणी सांगितलंही. त्या मावशी स्वतः बोलता बोलता खोकत होत्या आणि त्यांची छाती कुणीच कधी तपासली नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र वेगळं घडलं होतं. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी माझ्या कपाळावर टिकलीच्या जागी खाज सुटायला लागली, मग पुरळ, मग तेवढाच गोल पांढरट पडला. सासूबाई स्वतः मला कोल्हापूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, पट्टीवरच्या प्रत्येक चकतीखाली वेगळं द्रव्य. ४८ तास पाठीला पाणी लावायचं नाही. पट्ट्या काढल्या तेव्हा एका चकतीखाली लालबुंद पुळ्या. टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते माझ्या अंगाला चालत नव्हतं. या चाचणीला पॅच टेस्ट म्हणतात. आपल्या टी पेशी एखाद्या रसायनाला एकदा वैरी मानून बसल्या की पुढच्या भेटीत एक-दोन दिवसांत तिथं जमा होतात आणि कातडी पेटवतात. पट्टीखाली तेच मुद्दाम घडवून बघायचं. म्हणजे ही प्रतिकारशक्तीचीच चाचणी, आणि माझ्या बाबतीत ती स्वच्छ बोलली. त्या दिवसापासून घरात टिकलीचं पाकीट आलं नाही. सासूबाईंनी आपल्या हातानं मला मेणाची डबी आणि कुंकू आणून दिलं. माझ्या कपाळावर डाग होता, पाठीवर पुळ्या होत्या. मला कुणी सोंग म्हटलं नाही.

देवळातल्या प्रसंगानंतर भाऊजींनी मनावर घेतलं. बेळगावला दाखवायचं ठरलं, आणि दवाखान्यात बाईमाणूस सोबत हवं म्हणून मी गेले. रक्त काढलं. अॅलर्जीत आणि जंतांत ज्या पांढऱ्या पेशी वाढतात त्या इओसिनोफिल मापात होत्या. आयजीई नावाची प्रतिद्रव्यं, अॅलर्जीची मुख्य खूण ती, तीही मापात. नळीत जोरानं फुंकर मारायची दम्याची चाचणी झाली, फुंकर चांगली होती. मग हाताच्या आतल्या बाजूला ओळीनं थेंब ठेवले, धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, पराग, झुरळ असल्यांच्या अर्काचे, आणि प्रत्येक थेंबातून सुईचं टोक टोचलं. पंधरा-वीस मिनिटं बसायचं. ती हाताकडं बघत होती, मीही बघत होते. एक थेंब निव्वळ हिस्टामिनचा असतो. चाचणी नीट चाललीय का हे कळायला तो ठेवतात, कारण त्यानं कुणाच्याही हातावर गांधी उठते. तेवढी एकच उठली. बाकीचा हात कोरा.

"सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका," डॉक्टर म्हणाले. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आनंदानं आलं.

परतीच्या एसटीत ती एक शब्द बोलली नाही. घरी पोचलो तर चप्पल काढायच्या आधी सोप्यातूनच मी आत ओरडून सांगितलं, "रिपोर्ट नॉर्मल!"

त्या दोन शब्दांवर आमच्या घरानं पुढची दोन वर्षं काढली. बंद केलेलं फिनेल पुन्हा सुरू झालं. तिनं खिडकी उघडली की कुणीतरी लावायचं. ती काही म्हणाली की उत्तर तयार, रिपोर्ट नॉर्मल आलाय की. आधी ती निदान सांगायची तरी, आता सांगणंच बंद केलं. वास आला की पदर नाकाला लावून गच्चीवर जायची. दर्शनालाही आत येईना, मानस्तंभापाशी उभी राहून हात जोडायची. "देवळात येऊन भाईरच उभी ऱ्हाती," असं बायका मला ऐकवायच्या, आणि मी घरी येऊन तिला.

आणि मी आणखी एक गोष्ट केली. एक डांबर गोळी तीन पदरी फडक्यात गुंडाळून तिच्या पलंगाखालच्या ट्रंकेत, तळाशी ठेवली. वास असा येऊ नये, पण गोळी तिथं असावी. बघूया म्हटलं, खरंच होतं का. दोन दिवस काही झालं नाही. मी यांना रात्री सांगितलं, "बघा, म्हणत होते की नाही?" हे काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला उमळायला लागलं, डोकं धरून ती भिंतीला टेकून बसली. पण त्याच दुपारी शेजाऱ्यांच्या गेटला रंग चालला होता. मग ते गोळीनं झालं की रंगानं, हे काही मला सांगता येणार नाही. मी घाईनं गोळी काढली आणि परसात टाकली. त्या वर्षी क्षमावाणीला, दरवर्षीप्रमाणे, आम्ही जावा एकमेकींसमोर हात जोडून उभ्या राहिलो. वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर, असं म्हणायचं असतं ते मी म्हटलं. गोळीचा उच्चार त्यात नव्हता.

तिसऱ्या वर्षी कुणीतरी भाऊजींना मोठ्या शहरातल्या एका लॅबचं नाव सांगितलं. प्रतिकारशक्तीची संपूर्ण तपासणी, एकाच वेळी चाळीसच्या वर चाचण्या, आणि सोबत खाण्याच्या पदार्थांची मोठी यादी. अठरा हजार रुपये. भाऊजी का-कू करत होते तेव्हा तिनं भिशीचे पैसे पुढं केले. रंगीत छापलेला जाडजूड रिपोर्ट आला. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. टी पेशींचं एक प्रमाण लाल होतं, एक स्वतःच्याच शरीराविरुद्धचं प्रतिद्रव्य लाल, आणखी एक कसलं तरी लाल. धाकटीनं तो कागद दोन्ही हातांत धरला आणि माहेरी फोन लावला. "आई, लाल आलंय गं! तीन लाल आल्यात!" मुलगा पास झाल्यावर सांगतात तशा आवाजात. आजारी निघाल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा चरकल्यासारखं झालं.

खाण्याची यादी तर वाचण्यासारखी होती. खेकडा हिरवा, अंडं हिरवं, डुकराचं मांस हिरवं. आमच्या धाकटीनं जन्मात ज्याला हात लावला नाही ते सगळं तिला चालत होतं. आणि दूध, गहू, हरभरा लाल. आम्ही हसलो, पण तिनं ते मनावर घेतलं. कंदमूळ आमच्याकडं नाहीच, चातुर्मासात पालेभाजी नाही, रात्री खाणं नाही. त्यात आता चपाती नाही, दूध-तूप नाही, बेसन नाही. भात आणि मुगाचं पाणी. सहा महिन्यांत तिचं नऊ किलो वजन उतरलं, ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. वासाचा त्रास होता तिथंच.

शेवटी पुण्यात माझ्या लेकीनं एका डॉक्टरबाई शोधल्या, अॅलर्जी आणि प्रतिकारशक्ती हाच त्यांचा विषय. फाइल त्यांनी शांतपणे चाळली. मग धाकटीला विचारलं, "बेळगावचा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "आता कुणाला सांगू, असं वाटलं."

लाल अक्षरांचा अर्थ त्यांनी असा सांगितला. लॅबची 'नॉर्मल' मापं ठरवतात ती निरोगी माणसांवरूनच. बहुतेक चाचण्यांत निरोगी शंभरांतले मधले पंच्याण्णव धरायचे आणि दोन्ही टोकांचे मिळून पाच बाहेर ठेवायचे. म्हणजे धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडण्याची शक्यता प्रत्येक चाचणीला वीसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या तर शंभरातल्या चौसष्ट निरोगी लोकांच्या कागदावर कुठंतरी एक लाल उमटतंच. चाळीस केल्या तर सरासरीनं दोन. "तुमचे तीन आलेत," त्या म्हणाल्या. "माझे काढले तर माझेही येतील." शिवाय टी पेशींची संख्या सकाळी एक, संध्याकाळी एक असते. साध्या सर्दीनं बदलते, जिने चढून आलं तरी बदलते. त्यांनी तेवढ्या तीन चाचण्या पुन्हा केल्या. दोन हिरव्या आल्या, तिसरी काठावर.

आणि दूध-गहू? ती चाचणी आयजीजी नावाच्या प्रतिद्रव्यांची. आपण जे रोज खातो त्याची ओळख शरीर ठेवतं, ती ही प्रतिद्रव्यं. वैर नव्हे, ओळख. म्हणून चपाती लाल आणि खेकडा हिरवा! युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीनं २००८ मध्येच सांगितलंय की अन्न सोसतं की नाही हे ठरवायला ही चाचणी वापरू नका. तरी ती विकली जाते, आणि बायका विकत घेतात. का घेतात, ते मला धाकटीच्या फोनवरून कळलं होतं.

तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मला काही झालंच नाही?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं मी म्हटलं का? त्रास खरा आहे. तो या चाचण्यांत दिसत नाही, एवढंच."

नंतर लेकीनं इंग्रजीतलं बरंच काही छापून पाठवलं, मी शब्दकोश घेऊन बसले. अमेरिकेत शिकागोचे अॅलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी असे रुग्ण १९५० च्या सुमारासच पाहिले होते आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९८७ मध्ये येल विद्यापीठाच्या मार्क कलन यांनी 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' या नावाची व्याख्या मांडली. कुठल्यातरी संपर्कानंतर जडलेला, अगदी थोड्या मात्रेत, एकमेकांशी नातं नसलेल्या अनेक रसायनांनी, शरीराच्या एकाहून अधिक भागांत होणारा त्रास. आणि व्याख्येतच म्हटलंय की कुठलीही एक सर्वमान्य चाचणी या त्रासाशी जुळत नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं. जे व्याख्येतच नाही म्हणून लिहिलंय ते आम्ही बेळगावला शोधत होतो, आणि सापडलं नाही म्हणून तिला खोटं ठरवलं.

प्रतिकारशक्ती बिघडलीय असंच पुष्कळांना वाटत होतं, म्हणून ती तपासूनही झाली. १९९३ मध्ये सिॲटलच्या ग्रेगरी सायमन आणि सहकाऱ्यांनी असे ४१ रुग्ण आणि दुसऱ्या दुखण्याचे ३४ रुग्ण घेतले आणि दोघांचं रक्त तपासलं. प्रतिद्रव्यं, पेशींचे प्रकार, सगळं. दोन गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. एका रसायनाचं प्रमाण तेवढं वेगळं होतं, तेही अपेक्षेच्या उलट, कमी. विचार केला तर यात नवल नाही. प्रतिकारशक्ती भारी चोखंदळ असते. माझ्या कपाळानं एकच रसायन ओळखलं, बाकी पट्ट्यांना विचारलंही नाही. धाकटीला एकमेकांशी काडीचं नातं नसलेल्या वीस वस्तू सोसत नव्हत्या, आणि त्याही वास आल्या-आल्या, काही क्षणांत. हे काम नाकाचं आणि मज्जातंतूंचं जास्त दिसतं. वासाची नस तर थेट मेंदूतच जाते. डॉक्टरबाईंच्या भाषेत, एकदा दुधानं तोंड पोळलं की मेंदू ताकही फुंकून प्यायला लागतो, आणि ते त्याला थांबव म्हणून थांबवता येत नाही. धाकटीचं तोंड पोळलं ते वरच्या खोलीत, हे त्यांनी मान्य केलं.

एक लेख मात्र मी पुरा वाचून बाजूला ठेवला. २००६ मधला, लंडनच्या संशोधकांचा. त्यांनी तोवर झालेले ३७ अभ्यास आणि त्यांतले ७८४ रुग्ण एकत्र पाहिले. या रुग्णांना कधी खरं रसायन हुंगवलेलं, कधी नुसती हवा. वास कळत होता तेव्हा त्रास होत होता. पण वास झाकला की खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे त्यांना ओळखता येत नव्हतं, आणि नुसत्या हवेनंही त्रास व्हायचा तो व्हायचाच. वाचताना मला तीन पदरी फडकं आठवलं. म्हणजे मी केलं ते लंडन-अमेरिकेतही करतात तर! फरक एवढाच की ते रुग्णाला आधी सांगून, त्याची संमती घेऊन करतात.

पुढं काय झालं ते थोडक्यात. चपाती आणि दूध परत सुरू झालं, वजन आलं. वरच्या खोलीतलं प्लायवूड काढलं, पलंग जुना सागवानी आणला, खिडक्या उघड्या राहायला लागल्या. फिनेल आणि डांबर गोळ्या घरातून गेल्या. कडुनिंबाचा पाला घालतो आता ट्रंकांत, जसा सासूबाई घालायच्या. डॉक्टरबाईंनी तिला झोपेचं, श्वासाचं सांगितलं, आणि सगळ्याच वासांपासून पळत राहू नको, मग खोलीएवढंच जग उरेल, असंही सांगितलं. बरी झाली असं म्हणता येणार नाही. गेल्या महिन्यात लग्नाला आली, मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकून दोन तास बसली, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून पडली. दोन तास बसले की अक्का, म्हणून खूशही होती.

देवळात धूपघट मंडपातून बाहेर चौकात ठेवावेत म्हणून मी पंचांना विचारलं. एकानं शास्त्र काढलं, एकानं पावसाचं कारण दिलं. ठरलं काहीच नाही. पण पुजारी पहाटे धूप पेटायच्या आधी दार उघडून तिला दर्शन देतात. कथेच्या वेळी ती मानस्तंभापाशी बसते, स्पीकरवरून सगळं ऐकू येतं. गेली तीन वर्षं मीही तिथंच बसते, आत गुडघे दुमडून बसण्यापेक्षा बरंही पडतं मला.

हे लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी तिला वाचायला दिलं. ती चष्मा लावून वाचत होती, मी समोर मूग निवडत होते. एका पानावर ती थांबली.

"कुठल्या ट्रंकेत?" तिनं विचारलं.

"निळ्या. तुझ्या आईनं दिलेल्या."

तिनं मान हलवली आणि पुढं वाचायला लागली.